व्हॉइसमेल फोनमध्ये नसतो

आपण फोन उचलला नाही की पलीकडचा माणूस आवाजात निरोप ठेवतो, तो व्हॉइसमेल. हा निरोप मोबाइलमध्ये नसतो, कंपनीच्या सर्व्हरवर असतो. फोन हरवला, पाण्यात पडला, बॅटरी संपली, तरी निरोप तिकडे सुखरूप पडून राहतो आणि कुठल्याही लॅण्डलाइनवरून ऐकता येतो. आपलाच दहा आकडी नंबर फिरवायचा, पलीकडे आपलाच आवाज ‘निरोप ठेवा’ असं सांगू लागला की मध्येच स्टार दाबायचं (काही कंपन्यांत हॅश), मग पिन आणि शेवटी हॅश. अमेरिकेत निम्मं आयुष्य काढलेल्या लोकांनाही हे माहीत नसतं. मला ते पाठ आहे, कारण हे माझं काम आहे. तरीही २०१२ च्या ऑक्टोबरातल्या एका बुधवारी या एवढ्याशा गोष्टीसाठी माझी सकाळ गेली, आणि ती सकाळ अजून डोक्यातून जात नाही.

मी न्यू जर्सीतल्या एका इस्पितळाच्या टेलिकॉम विभागात आहे. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही टेबलावरचे फोन दुरुस्त करतो. प्रत्यक्षात लिफ्टमधला फोन, पेजर, फॅक्स, ‘कोड ब्लू’ची (पेशंटचं हृदय बंद पडल्याची) घोषणा, ऑपरेटरचं कन्सोल, पेशंटच्या उशाशी असलेलं बटण, सगळं आमच्याकडे येतं. सगळं चालू असतं तेव्हा आमची कोणाला आठवण नसते, आणि तसंच असायला हवं.

सॅण्डी वादळ सोमवारी, २९ तारखेला संध्याकाळी अटलांटिक सिटीजवळ किनाऱ्याला धडकलं. रात्रीतून न्यू जर्सीतल्या होबोकेनमध्ये हडसन नदीचं पाणी शिरलं, वीज गेली. न्यू यॉर्कला जाणाऱ्या पाथ रेल्वेगाड्या आधीच बंद केल्या होत्या. वादळाच्या पट्ट्यातले साधारण पाव मोबाइल टॉवर बंद असल्याचं एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेने, सांगितलं. पण सरासरीचा आकडा फसवा असतो. आमच्या आसपासच्या गल्ल्यांत फोनवर एकही दांडी दिसत नव्हती. कत्रिना वादळानंतर, २००७ मध्ये, प्रत्येक टॉवरला आठ तास पुरेल एवढी बॅटरी हवी असा नियम एफसीसीने काढला होता. कंपन्या कोर्टात गेल्या आणि नियम कधी लागूच झाला नाही. मला याचा राग तेव्हा होता आणि आजही आहे.

आमचं इस्पितळ जनरेटरवर चालू होतं. बुधवारी सकाळी इमर्जन्सीच्या नोंदणी खिडकीवरून फोन आला, “इथला फोन बिघडलाय, स्टार चालत नाही.” एरवी असा निरोप मी यादीत खाली टाकला असता. पण खिडकीवरच्या मुलीने पुढे सांगितलं की समोर एक भारतीय आजोबा आहेत, डायलिसिसचे पेशंट आहेत आणि त्यांच्या बायकोला सारखा तो फोन लावायचा आहे. मी जिना उतरून गेले.

काकू उभ्या होत्या, काका चाकाच्या खुर्चीत. अंगावर दोन स्वेटर, पाय सुजलेले. काकूंनी माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचलं आणि म्हणाल्या, “अगं, तू आपली आहेस! बरं झालं बाई. या पोरीला मी मघापासून सांगतेय, निरोप फोनमध्ये अडकलाय.”

काकांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. वादळ येणार म्हणून सेंटरने सोमवारचं रविवारीच उरकून घेतलं होतं. त्या आठवड्यात बऱ्याच सेंटर्सनी असंच केलं आणि त्यामुळे कित्येक माणसं वाचली असतील. रविवारी निघताना नर्सने सांगितलं होतं, “इथे वीज नसेल तर दुसरीकडे जागा मिळवू आणि तुम्हाला फोन करू.” बुधवार उजाडला, सेंटर अंधारात, दाराला कुलूप. शेजाऱ्याने गाडीत घालून दोघांना आमच्याकडे आणून सोडलं. काकूंची खात्री होती की सेंटरवाल्यांनी फोन केलेला असणार. काकांचा मोबाइल मंगळवारपासून मेलेला होता. आमच्या इमर्जन्सीतल्या नर्सने तो आपल्या टेबलाशी चार्जिंगला लावला, पण चार्ज होऊन उपयोग काय? टॉवरच नाही. सेंटरचा फोन वाजून वाजून बंद होत होता. तो इंटरनेटवर चालणारा, म्हणजे वीज गेली की तोही गेला.

पुण्यात किंवा साताऱ्यात कोणी विचारेल, व्हॉइसमेलवर एवढी भिस्त कशाला? भारतात ही सवय कधी रुजलीच नाही, आपण मिस्ड कॉल बघून उलटा फोन करतो. इथे मात्र दवाखाना, शाळा, बँक, सगळे फोनवर निरोप ठेवून मोकळे होतात. निरोप ठेवला की त्यांच्या लेखी तुम्हाला कळवलेलं असतं.

इमर्जन्सीत त्या दिवशी डायलिसिसवालेच डायलिसिसवाले होते. मशीन मोजकी, आणि नंबर लागणार रक्तातल्या पोटॅशियमच्या आकड्यावर, कारण डायलिसिस चुकलं की ते वाढतं आणि हृदयाला धोका होतो. काकांचा ईसीजी काढला होता, रक्त तपासलं होतं. पोटॅशियम वाढलेलं होतं, पण सगळ्यात वर जाण्याइतकं नाही. म्हणजे रात्र होणार, कदाचित दुसरा दिवस. बाहेर कुठेतरी त्यांच्या नावाची डायलिसिसची खुर्ची राखलेली असेल तर तिथे जाणं केव्हाही चांगलं होतं.

आता स्टारची गोष्ट. बटणफोनची प्रत्येक कळ एका वेळी दोन सूर वाजवते, एक आडव्या ओळीचा आणि एक उभ्या ओळीचा. स्टार म्हणजे ९४१ आणि १२०९ हर्ट्झ. हे सूर पलीकडच्या यंत्राने स्वच्छ ऐकले तरच त्याला कळतं की तुम्ही काय दाबलंत. एरवी आमचे कॉल ज्या मुख्य लाइनवरून बाहेर जातात, ती वादळात तुटली होती आणि सगळी वाहतूक राखीव इंटरनेट लाइनवर वळली होती. तिथे जागा वाचवण्यासाठी आवाज दाबून लहान केला जातो. माणसाचं बोलणं त्यातून कळतं. पण नुसते दोन सूर इतके वेडेवाकडे होतात की यंत्राला ते ओळखू येत नाहीत. यावर उपाय आहे, कळ दाबल्याची खबर आवाजापासून वेगळी करून पाठवायची. लाइन देणाऱ्या कंपनीने ती सोय आमच्या राखीव लाइनवर चालूच केली नव्हती. चाचणीच्या कागदावर मात्र सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा होत्या.

फोन बिघडलेला नव्हता, तेव्हा तो बदलून काही होणार नव्हतं. मी काकांची खुर्ची ढकलत कॉरिडॉरच्या टोकाच्या लाल फोनपाशी नेली. आमच्याकडे असे काही लाल फोन होते. इस्पितळाच्या एक्स्चेंजशी त्यांचा संबंध नाही. तांब्याची एक जोडतार भिंतीतून निघून थेट टेलिफोन कंपनीच्या इमारतीत जाते आणि तिथल्या बॅटऱ्यांमधून ४८ व्होल्ट घेऊन येते. आपल्याकडे जनरेटर बंद पडला तरी हा फोन बोलतो. आमच्या विभागातला सगळ्यात जुना तंत्रज्ञ दर वर्षी बजेटच्या बैठकीत या लाल फोनांसाठी भांडायचा. तरुण मंडळींना ते म्हाताऱ्याचं वेड वाटायचं. त्याच्याइतका जाणता माणूस मी या धंद्यात पाहिलेला नाही.

काकांचा नंबर फिरवला. निरोप ठेवा सांगणारा आवाज मुलाचा निघाला. स्टार दाबलं, त्याक्षणी यंत्र म्हणालं, पिन द्या. सूर पोचले होते.

“काका, पिन?”

“कसला पिन? मी फोन उघडला की निरोप ऐकू येतो.”

अडचण इथे होती, आणि ती एकट्या काकांची नव्हती. स्वतःच्या मोबाइलवरून व्हॉइसमेल लावला की यंत्र नंबर ओळखतं आणि पिन न विचारताच आत सोडतं. म्हणून बहुतेक लोक पिन ठेवतच नाहीत, ठेवला तरी विसरतात. ज्या दिवशी स्वतःचा मोबाइल चालत नाही नेमका त्याच दिवशी पिन लागतो, आणि नवा पिन घ्यायला स्वतःचा मोबाइलच लागतो.

चार्ज झालेल्या फोनमधून मुलाचा नंबर मिळाला. तो कामासाठी शिकागोला गेला होता आणि विमानं रद्द झाल्याने अडकला होता. दोन दिवस आईवडिलांचा पत्ता नाही, आवाज पार बसलेला. फोनचं खातं त्याच्या नावावर होतं, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. पिन त्यालाही ठाऊक नव्हता. आमच्या ऑपरेटरने कन्सोलवरून त्याला, कंपनीच्या ग्राहकसेवेला आणि मला एका कॉलवर जोडलं. इथे नुसतं बोलायचं होतं, त्यामुळे राखीव लाइन चालली.

पहिल्या प्रतिनिधीने सगळी ओळख पटवून घेतली आणि सांगितलं, “तात्पुरता पिन त्याच मोबाइलवर एसएमएसने पाठवते.” मी म्हटलं, त्या मोबाइलला टॉवर नाही. ती म्हणाली, टॉवर आला की मिळेल. तिचा स्वभाव वाईट नव्हता. तिच्यासमोरच्या स्क्रीनवर वादळ नव्हतं, एवढंच.

दुसरा प्रतिनिधी जास्त मदतीला उत्सुक होता आणि त्यानेच मला घाम फोडला. म्हणाला, “सोपं आहे, मेलबॉक्स रीसेट करून टाकतो.” मी जवळजवळ ओरडलेच. मेलबॉक्स रीसेट करणं आणि पासवर्ड रीसेट करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पासवर्ड रीसेट केला की फक्त कुलूप बदलतं. मेलबॉक्स रीसेट केला की खोलीच पाडून नवी बांधली जाते, आतले निरोप कायमचे जातात. मी त्याला थांबवलं, हळूहळू समजावलं आणि वरिष्ठाला बोलवायला लावलं. ती बाई पहिल्या वाक्यातच समजली. काय हवंय, का हवंय, खातेदार लाइनवर आहे का, एवढं विचारून तिने पासवर्ड बदलून दिला. सगळ्या सपोर्टमध्ये अशी माणसं पहिल्या पायरीवर का बसवत नाहीत?

पुन्हा लाल फोन. नंबर, स्टार, पिन, हॅश. नऊ नवे निरोप.

पहिले काही मुलाचे होते. “बाबा, फोन उचला.” “आई, मी आहे, शेजाऱ्यांकडून फोन करा.” रिसीव्हर काकांच्या कानाला, माझं बोट कळांच्या वर. काकूंनी पुढे वाकून कान लावला आणि म्हणाल्या, “परत लाव गं एकदा.” मी म्हटलं, काकू, नंतर. ७ दाबलं की निरोप पुसला जातो, ९ दाबलं की राहतो, आणि मला कोणाचंही बोट चुकून तिथे जायला नको होतं. सेंटरचा निरोप शेवटून दुसरा, मंगळवार रात्रीचा. त्यात आजाराचं नाव नाही, मशीनचं नाव नाही. गुप्ततेच्या कायद्याला जपून लोक असेच मोजके निरोप ठेवतात. बुधवारी दुपारी चार वाजता अमुक गावातल्या शाखेत या, औषधांची यादी आणा, येणार नसाल तर या नंबरवर कळवा. घड्याळात साडेअकरा वाजले होते.

इस्पितळाच्या व्हॅनने दोघांना तिकडे पोचवलं. काकांचं डायलिसिस त्या संध्याकाळी झालं. मुलगा शनिवारी पोचला.

हे सगळं सुखरूप पार पडलं, मग मी अजून त्यात का अडकले आहे? कारण मी त्या दिवशी एका कंपनीला परक्या लाइनवरून कुलूप बदलायला लावलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०११ च्या जुलैमध्ये, लंडनचं ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे वर्तमानपत्र बंद पडलं ते याच वाटेमुळे. त्या पत्राची माणसं दुसऱ्यांच्या व्हॉइसमेलला बाहेरून फोन लावायची आणि कोणी न बदललेला, कंपनीने दिलेला मूळचा पिन घालून निरोप ऐकायची. एका खून झालेल्या मुलीच्या मेलबॉक्समध्येही ते शिरले होते. त्यानंतर कंपन्यांनी कुलपं घट्ट केली हे योग्यच झालं. आमच्या माहिती-सुरक्षेच्या माणसाने मला नंतर विचारलं, “मुलाऐवजी दुसराच कोणी लाइनवर असता तर?” प्रश्न बरोबर आहे. पण कुलूप घट्ट करताना घरमालकाच्या हातात किल्ली आहे का, हे कोणीच पाहत नाही, आणि त्याची जबाबदारी कंपन्यांचीच आहे असं माझं ठाम मत आहे. सिम देतानाच पिन ठरवून घ्यावा, वर्षातून एकदा विचारावा. हे न करण्याचं एकच कारण मला दिसतं, ग्राहकाला दोन मिनिटं जास्त थांबवायची त्यांना भीती वाटते.

हे आता लिहायचं कारण वेगळंच आहे. जुना तंत्रज्ञ निवृत्त झाला, तांब्याच्या तारांचं भाडं वाढत गेलं आणि सल्लागारांनी नव्या आराखड्यात लाल फोन वगळले आहेत. त्यांच्या जागी बॅटरीवर चालणारं, मोबाइल नेटवर्कवरून बोलणारं यंत्र येणार आहे. म्हणजे टॉवर गेला की तेही गेलं. मी लेखी हरकत घेतली आहे. निदान इमर्जन्सीच्या कॉरिडॉरमधली आणि ऑपरेटरच्या खोलीतली अशा दोन तांब्याच्या लाइन ठेवा, आणि इंटरनेट लाइनची चाचणी घेताना पलीकडच्या व्हॉइसमेलपर्यंत स्टार पोचतं का ते खरोखर दाबून पाहा, असं त्यात लिहिलं आहे. चाचणीची मागणी मान्य झाली. तांब्याच्या लाइनींवर पुढच्या आठवड्यात बैठक आहे, आणि तिथे मी काकांचा हा सगळा प्रसंग वेळेसकट मांडणार आहे.