तुम्ही विचारलंत म्हणून: "आदिवासींना खाण नकोच असते, मग तुम्ही तिथे जाऊन समजावता काय?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, ट्रेनमध्ये, जुन्या ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, सगळीकडे येतो. मी भूगर्भशास्त्र शिकलेली, आधी खाणींचे प्लॅन बनवायच्याच कामात होते, आणि आता तसल्याच प्लॅनच्या फाइली घेऊन गडचिरोलीत एटापल्ली-कोरचीकडच्या गावांत त्या समजावत बसते, त्यामुळे लोकांना वाटतं की ही एकतर पोरांना भडकवते किंवा मग गुपचूप कंपनीचं काम करते. दोन्ही ऐकून झालंय.

आधी ते "नकोच असते" बघू, कारण तिथेच गडबड आहे. ओडिशात नियमगिरीला 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर 12 ग्रामसभा झाल्या आणि बाराच्या बारा गावांनी बॉक्साइट खाणीला नाही म्हटलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गोव्यात केपे तालुक्यातल्या कावरे गावच्या आदिवासींनी आधी बेकायदा खाणीविरुद्ध लढा दिला आणि मग सहकारी संस्था काढून खाण आम्हालाच चालवायला द्या म्हणून मागणी केली, ते किती जणांना माहीत असतं? आमच्याकडच्या लोहखनिजाच्या खाणीच्या सुरजागड डोंगराचंच घ्या, तिथे माडिया आदिवासींचा ठाकूरदेव आहे, सत्तरेक गावांचा इलाका त्याची यात्रा करतो, आणि त्याच इलाक्यातली पोरं खाणीवर सिक्युरिटीत, ड्रायव्हर म्हणून कामालाही जातात. एकाच घरात आजीचं मत एक आणि नातवाचं दुसरं असतं, आपल्याकडे नसतं का तसं? माझंही मत आहे, आणि चहा पाजलात तर तेही सांगेन, पण गावात गेल्यावर ते मी पिशवीतच ठेवते कारण ते कुणी विचारलेलं नसतं. विचारलेलं असतं ते हे, की ताई, या कागदात काय लिहिलंय.

कागद म्हणजे ईआयए, पर्यावरणावर काय परिणाम होणार त्याचा अहवाल. जाडजूड, आणि सगळा इंग्रजीत, मराठीत मिळतो तो सारांश. त्यात पहिल्याच पानावर असतं "क्षमता 10 एमटीपीए". आता हे वाचून मीही काही वर्षांपूर्वी मान डोलावून पुढचं पान उलटायचे. गोटुलात, म्हणजे गावाने एकत्र बसायच्या घरात, बसून आम्ही काय करतो तर या आकड्याचे ट्रक करतो. दहा एमटीपीए म्हणजे वर्षाला 1 कोटी टन. एका ट्रकमध्ये 25 टन धरले तर 4 लाख खेपा. पावसाचे वगैरे दिवस वजा करून वर्षाचे 300 दिवस धरा, म्हणजे दिवसाला तेराशेच्या वर ट्रक भरून जाणार, तेवढेच रिकामे परत येणार, म्हणजे चोवीस तास रस्ता चालू ठेवला तरी साधारण दर अर्ध्या मिनिटाला एक ट्रक. सगळा माल ट्रकनेच गेला तर हं, पाइपलाइन आणि रेल्वे आली की हिशोब बदलतो, तेही सांगावं लागतं. एकदा हा हिशोब खडूने भिंतीवर चालला होता तेव्हा मागे बसलेल्या एक आजी माडियात काहीतरी बोलल्या, पोराने सांगितलं, त्या विचारताहेत की मग तेंदूपत्त्याच्या दिवसांत पत्ता डोक्यावर घेऊन आम्ही फळीवर, म्हणजे पत्ता जमा करायच्या जागी, जायचं ते रस्ता कधी ओलांडायचा? अहवालात वाहतुकीचं अख्खं प्रकरण होतं, पण हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. तो मग अर्जात तसाच्या तसा गेला.

नकाशाचंही तसंच. अहवालात नकाशा ए-फोरवर, काळापांढरा, त्यात नाला कुठला आणि काँटूर, म्हणजे उंचीची रेषा, कुठली ते मलाही भिंग घेऊन बघावं लागतं. तो मोठा रंगीत छापून जमिनीवर अंथरला की मग मजा असते, मी गप्प बसते आणि गाव बोलतं. इथे बोडी, म्हणजे छोटं तळं आहे, हा नाला उन्हाळ्यातही आटत नाही, इथली मोहाची झाडं अमक्याच्या आजोबांची, इथे देव, इथे मसणवटा. डोंगरावर जिथे मातीचा ढीग टाकायचा म्हणून दाखवलंय तिथून पावसाचं पाणी कुठल्या भाताच्या बांध्यांत उतरतं ते त्यांना बोटाने दाखवता येतं, मला मात्र त्यासाठी सॉफ्टवेअर लागतं. हाच नकाशा पुढे जंगलावरच्या गावाच्या सामूहिक वनहक्काच्या दाव्यालाही कामी येतो आणि सुनावणीलाही.

जनसुनावणी, म्हणजे मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकायची सरकारी बैठक, तिच्याबद्दल तर शहरात कुणाला काहीच माहीत नसतं. 2006 च्या ईआयए अधिसूचनेत लिहिलंय की सुनावणी प्रकल्पाच्या जागेवर किंवा अगदी जवळ घ्यायची, 30 दिवस आधी नोटीस द्यायची, आणि जिथे पेपर पोचत नाही तिथे दवंडी पिटून सांगायचं, हो, दवंडी खरंच लिहिलंय त्यात! व्हिडिओ शूटिंग करायचं, आणि शेवटी इतिवृत्त लोकांसमोर त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं. गंमत अशी की सुनावणीला कोरम, म्हणजे किमान हजेरीची अट, नसते, चार डोकी आली तरी ती झाली म्हणतात. वनहक्क कायद्याच्या ग्रामसभेला मात्र निम्मे लोक लागतात आणि त्यांत एक तृतीयांश बाया लागतात. दोन्हीतला हा फरक माहीत असलेलं गाव आणि नसलेलं गाव यांच्या अर्जांत दिवसरात्रीचा फरक दिसतो. सुरजागडची खाण 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर न्यायची सुनावणी ऑक्टोबर 2022 मध्ये झाली ती गडचिरोलीला, डोंगरापासून शंभरावर किलोमीटर लांब. आता धान कापायच्या दिवसांत मजुरी बुडवून तिथे जायचं म्हणजे निदान बोलायचं काय ते आधी ठरलेलं हवं. आम्ही तालीम करतो चक्क. एकाने अधिकारी व्हायचं, बाकीच्यांनी दोन-दोन मिनिटांत आपला मुद्दा मांडायचा. अधिकाऱ्याचं काम करायला पोरांची रांग लागते.

पण मला सगळ्यात जास्त वेळ घालवायचा असतो तो अहवालाच्या शेवटच्या भागावर, खाण बंद करायच्या आराखड्यावर, कारण खाण उघडण्याबद्दल सगळे बोलतात आणि मिटण्याबद्दल कुणी विचारतच नाही. यासाठी दोन उदाहरणं मी कायम सांगते. एक गोवा. तिथे 2012 ला खाणी थांबल्या, परत सुरू झाल्या, 2018 ला सुप्रीम कोर्टाने 88 लीज, म्हणजे खाणपट्टे, रद्द केली. कोर्टात जे व्हायचं ते झालं, पण खड्डे तसेच राहिले. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती काढलेली, तिचे डोंगर शेताच्या वर उभे, पावसाळ्यात ते घसरून नाल्यात आणि भातशेतीत येतात. आणि खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेलेले, चालू खाण होती तोवर पंप लावून पाणी उपसायचे आणि शेजारच्या विहिरी आटायच्या, बंद झाल्यावर तेच खड्डे तुडुंब भरतात आणि खालचे लोक पावसाळाभर काठाकडे बघत बसतात.

दुसरं आपल्या चंद्रपूरचं. घुग्घुसच्या अमराई वॉर्डात ऑगस्ट 2022 मध्ये एक अख्खं राहतं घर जमिनीत गडप झालं. घरची माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. खाली कित्येक वर्षांपूर्वीची बंद पडलेली भूमिगत कोळसा खाण होती. हे सांगितल्यावर गावात पहिला प्रश्न येतो की मग त्या लोकांनी तिथे घर बांधलंच कसं, कुणी सांगितलं नाही का? मी म्हणते, बरोबर, हाच प्रश्न लिहून द्या, बंद झाल्यावर नकाशा कुणाकडे राहणार, कुंपण कुणाचं, पाण्याची तपासणी किती वर्षं आणि कोण करणार.

पैशाचंही सांगते, कारण तिथे डोळे उघडतात. लोहखनिजासारख्या मोठ्या यांत्रिक खाणीला बंद करण्याची हमी म्हणून हेक्टरी 5 लाख रुपये ठेवावे लागतात, 2021 पर्यंत ते 3 लाखच होते. सुरजागडची लीज 348 हेक्टरची, सगळीच्या सगळी वापरात धरली तरी हमी साडेसतरा कोटींच्या आतच. आणि हिशोबापुरता खनिजाचा भाव टनाला 4 हजार धरला तर वर्षाच्या 1 कोटी टनाचे होतात 4 हजार कोटी. हे दोन आकडे भिंतीवर एकाखाली एक लिहिले की मला पुढे काही बोलावं लागत नाही. त्याच भावाने 15 टक्के रॉयल्टी, आणि 2015 आधीच्या लीजला त्या रॉयल्टीच्या 30 टक्के जिल्हा खनिज प्रतिष्ठान नावाच्या निधीत, म्हणजे टनामागे 180 रुपये, वर्षाला 180 कोटी. ते बाधित गावांसाठीच असतात. यातलं आमच्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, काय आलं, हे विचारायला खाणीच्या बाजूचं किंवा विरोधातलं असावं लागत नाही, आणि दोन्हीकडचे लोक एकत्र बसून अर्ज लिहितात असा हा एकच विषय मी पाहिलाय.

भडकवता का, तर याचं उत्तर मी आता देणं सोडलंय. त्या भागात साधा माहिती अधिकाराचा अर्ज करणाऱ्या पोरालाही भीती असते की आपल्यावर भलताच शिक्का बसेल, आणि बंदुका दोन्ही बाजूंनी पाहिलेल्या लोकांची ती भीती काही मनाची नाही. म्हणून अर्ज कधी एकट्याच्या नावाने करायचा नाही, ग्रामसभेचा ठराव, शिक्का, आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघायचं नाही, एवढा नियम पाळतो.

आणि आता पुढचा प्रश्न असतो, आम्ही काय मदत करू. बरेच जण ब्लँकेटं पाठवतो म्हणतात. त्यापेक्षा नागपुरात राहत असाल तर एक काम आहे: खाणींचे आराखडे मंजूर करणाऱ्या इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय तिथेच सिव्हिल लाइन्सला आहे, मंजूर आराखड्यांच्या नकला मागायला, हेलपाटे घालायला कुणीतरी हवं असतं. कुणाला पाण्याचं, हायड्रॉलॉजीचं कळत असेल तर ते एक प्रकरण वाचून दोन पानांत सोप्या मराठीत करून द्या. आणि ए-झिरो साइजचा रंगीत नकाशा स्वस्तात छापून देणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याचा नंबर तेवढा पाठवा.