सक्कारा ते अस्वान: दगडाआधीची माती पाहत

इजिप्तला जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: कैरोला पोचल्यावर पहिली सकाळ गीझाला देऊ नका, सक्काराला द्या. गीझाचे पिरॅमिड आधी पाहिले की नंतर सगळीकडे नजर आकारमानच मोजत राहते. सक्कारात दगडात बांधायला नुकती सुरुवात करणारी माणसं भेटतात, आणि ती एकदा ओळखीची झाली की पुढचा सगळा इजिप्त वाचता येतो. अंतर कैरोपासून तीसेक किलोमीटर. गाडी दिवसभरासाठी ठरवा, म्हणजे त्याच फेरीत जवळचं दहशूर हे पिरॅमिडांचं ठिकाणही होतं.

इसवीसनपूर्व २६५०च्या सुमाराचा जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड इथे आहे. सहा टप्पे, उंची सुमारे ६२ मीटर. बांधणारा म्हणून नाव येतं ते इम्होतेपचं. चौदा वर्षांच्या डागडुजीनंतर २०२० मध्ये तो पुन्हा खुला झाला. पण सगळे जण थेट पिरॅमिडकडे धावतात तसं करू नका. आधी तटाच्या दारापाशी थांबा. तटाला वरून खाली सारख्या खोबण्या आहेत, त्या थेट मातीच्या विटांच्या तटावरून उचललेल्या. दगडही लहान लहान, हाताने उचलून ठेवता येतील अशा विटांच्या बेताचे. तटात पंधरा दारं दिसतात, त्यांतलं खरं एकच, बाकी चौदा नुसती कोरलेली. आत शिरताना बाजूला दाराची उघडलेली फळी दिसते, तीही दगडाचीच. वर छताकडे पाहा: दगडी लाद्यांचा खालचा भाग गोल घडवलाय, खजुराचे ओंडके शेजारी शेजारी टाकावेत तसा.

मग खांबांची रांग. एकेक खांब म्हणजे बोरूची बांधलेली मोळी. कुठलाही खांब सुटा उभा नाही, प्रत्येक जण छोट्या आडभिंतीने बाजूच्या भिंतीला चिकटवलेला आहे. दगडाचा खांब एकटा उभा राहून छत पेलेल याची खात्री तेव्हा अजून कोणाला नव्हती. तिथून पुढे ‘उत्तर गृह’ म्हणतात त्या चौकात भिंतीला लागून पपायरसचे (पाण्यात वाढणारी लव्हाळ्यासारखी वनस्पती) तीन अर्धखांब आहेत. जवळ जाऊन पाहा: देठाचा काप त्रिकोणी आहे, खऱ्या पपायरसच्या देठाचा असतो तसाच, आणि वर उमललेला तुरा. ज्याने हे कोरलं त्याने नाईलकाठी पपायरस हातात धरून पाहिला होता. मी या तीन खांबांपुढे सर्वांत जास्त रेंगाळलो. जोडीला इम्होतेप संग्रहालय नक्की करा. जमिनीखालच्या दालनांमधल्या निळ्या चकचकीत फरशा तिथे जवळून दिसतात, आणि त्यांची मांडणी बोरूच्या चटईसारखी आहे. राजाच्या घरात भिंतींना चटया टांगत, म्हणून त्याच्या कबरीतही चटया, फक्त न कुजणाऱ्या.

हे असं का, याचं उत्तर नदीत आहे. दर उन्हाळ्यात नाईल चढायची, शेतं पाण्याखाली जायची, आणि पाणी ओसरलं की काळा गाळ उरायचा. त्या गाळात वाळू आणि भुसकट मिसळलं, साच्यात थापलं, उन्हात वाळवलं की वीट तयार. पाऊस जवळपास नाहीच, त्यामुळे कच्ची वीट टिकायची, छपराला उतार द्यायचीही गरज नव्हती. अडचण लाकडाची होती. बाभूळ, उंबराच्या जातीचं झाड आणि खजूर एवढंच काय ते देशात. लांब सरळ तुळई यातून निघत नाही. मोठं लाकूड हवं तर लेबनॉनहून देवदार समुद्रमार्गे आणायचा. म्हणून राजवाड्यापासून कोठारापर्यंत सगळं राहतं जग मातीचं झालं, आणि देवांसाठी व मेलेल्यांसाठी दगड राखून ठेवला. आज आपल्याला मंदिरं आणि कबरीच दिसतात आणि प्राचीन इजिप्शियन माणूस सदा मरणाचाच विचार करायचा असं वाटतं, त्याचं हे एक मोठं कारण. त्यांची घरं पुरात, शेतात विरघळून गेली. आपल्याकडे भाजे-कार्ल्याच्या लेण्यांत दगडावर लाकडी घराची स्मृती आहे ना, तशी इथे दगडावर चिखलाची आणि बोरूची आहे. भिंती वर जाताना आत झुकतात ते कच्च्या विटेचं वळण. भिंतीच्या माथ्यावर बाहेर वळणारी कंगोऱ्यांची पट्टी म्हणजे झावळ्यांचे झुकलेले शेंडे. ही पट्टी पुढे सगळ्या मंदिरांवर दिसेल, तेव्हा सक्कारा आठवा.

दहशूरला गर्दी नसते. स्नेफेरू राजाचा वाकडा पिरॅमिड खाली सुमारे ५४ अंशांत चढतो आणि मध्येच ४३ अंशांवर येतो, कारण खालची जमीन दबू लागली आणि आतल्या दालनांना तडे जाऊ लागले. त्याचा पुढचा लाल पिरॅमिड मग पहिल्यापासूनच ४३ अंशांचा. आत जाता येतं, पण वाकून लांबलचक उतार उतरावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. गुडघ्यांचा त्रास असेल किंवा कोंदट जागेत घाबरायला होत असेल तर बाहेरच थांबा. दम्याच्या रुग्णांनीही आत जायचं टाळावं, हवा फार जड असते.

गीझाबद्दल थोडक्यात. सकाळी दार उघडतानाच आत शिरा, आतलं तिकीट वेगळं असतं, उंटवाल्याशी भाव आधी ठरवा किंवा ठाम नको म्हणा. खुफूचा पिरॅमिड मूळचा सुमारे १४६ मीटर उंच होता. त्याच्या पायथ्याशी उभं असताना आठवावी ती मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला पपायरसवरच्या या नोंदी सापडल्या. मेरेरची टोळी पलीकडच्या काठावरच्या तुरा खाणींतून पांढरा चुनखडीचा दगड होड्यांनी गीझाला आणत होती. पुराचं पाणी चढलं की कालव्यांतून नाव बांधकामाच्या जवळ यायची. नदीने नुसती वीट दिली असं नाही, वाहतूकही तिनेच केली.

लक्सॉरला रात्रीच्या रेल्वेने किंवा विमानाने जाता येतं. राहायला मी नाईलचा पश्चिम काठ सुचवेन: शांत, स्वस्त, आणि पहाटे कबरींपाशी लवकर पोचता येतं. पूर्व काठावर जायला लोकांच्या नेहमीच्या फेरीबोटी आहेत, खास नाव करायची गरज नाही.

पूर्व काठावरच्या कर्नाकच्या मंदिराला दुपारनंतर जा, मोठ्या सहलींच्या बस निघून गेलेल्या असतात. मोठ्या मंडपात १३४ खांब आहेत. मधले बारा सुमारे २१ मीटर उंच, त्यांच्या माथ्यावर उमललेला पपायरस. कडेचे १२२ बुटके, त्यांच्या माथ्यावर मिटलेल्या कळ्या. मधलं छत उंच असल्यामुळे दोन्हीकडे दगडी जाळ्या बसवता आल्या आणि उजेड फक्त मध्ये पडतो. ऊन मिळालं तिथे फूल उमललं, सावलीत कळी राहिली. सगळा मंडप म्हणजे सृष्टीच्या आरंभीची दलदल, आणि जमीन गाभाऱ्याकडे हळूहळू चढत जाते, पाण्यातून वर आलेल्या पहिल्या टेकाडासारखी. एवढे खांब इतके जवळजवळ का, याचं उत्तर मात्र दगडाकडे आहे. चुनखडीची तुळई तीनेक मीटरपलीकडे भरवशाची नसते. सुमारे दीडशे किलोमीटर दक्षिणेकडच्या गेबेल सिलसिलाच्या खाणींतून वालुकाश्म आणायला लागल्यावर अंतरं वाढवता आली, तरी खांबांचं रान काही टळलं नाही.

पहिल्या गोपुराच्या मागच्या अंगाला कच्च्या विटांचा एक ढीग आहे. बहुतेक लोक त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. गोपूर अपुरं राहिलं म्हणून दगड वर चढवायचा हा मातीचा उतार काढून टाकायचा राहून गेला. खांबांचे पायही पाहा: खालचा दगड खारटलेला, सोलपटलेला दिसेल. पाया उथळ, आणि जमिनीतलं पाणी क्षार घेऊन वर चढतं. १८९९ च्या ऑक्टोबरात या मंडपातले अकरा खांब कोसळले होते, ते नंतर पुन्हा उभारले.

पश्चिम काठावर राजांचं खोरं आणि हातशेपसुतचं मंदिर तुम्ही पाहालच, त्यावर मी जागा घालवत नाही. माझा आग्रह रामेसियम या मंदिरासाठी आहे. तिथल्या पडलेल्या पुतळ्याचे फोटो झाले की मंदिराच्या मागच्या बाजूला चालत जा. तिथे दुसऱ्या रामेसेसच्या काळातली कोठारं आहेत, कच्च्या विटांच्या कमानींची, ३,२०० वर्षांपूर्वीची, आणि त्यांतल्या बऱ्याच अजून उभ्या आहेत. कमान बांधायची तर खाली लाकडी आधार लागतो, आणि लाकूड तर नव्हतं. मग गवंड्यांनी मागची भिंत आधी उभी केली आणि विटांचा पहिला कमानदार थर तिच्यावर रेलून बसवला. दुसरा थर पहिल्यावर रेलला, तिसरा दुसऱ्यावर. ओल्या गाऱ्यात वीट घसरू नये म्हणून विटेवर बोटांनी ओरखडे काढलेले असतात. कडेने पाहिलं की थरांचा तिरकेपणा स्पष्ट दिसतो. हात मात्र लावू नका, कडा भुरभुरीत आहेत.

ही रीत मेलेली नाही. अस्वानकडचे न्यूबियन गवंडी अशीच छपरं बांधत आले, आणि १९४०च्या दशकात वास्तुविशारद हसन फथी यांनी त्यांनाच बोलावून जवळच नवं गुर्ना गाव उभारलं. तिथली मशीद आणि काही इमारती पाहता येतात. रामेसियमनंतर लगेच तिथे गेलात तर तीन हजार वर्षांचं अंतर एका दुपारी ओलांडता येतं. वेळ असेल तर मदिनत हाबूचं मंदिरही करा, छताखालचे रंग अजून टवटवीत आहेत.

पैशांचं: अनेक मोठ्या स्थळांवर आता तिकीट फक्त कार्डाने मिळतं, त्यामुळे परदेशात चालणारी दोन कार्डं जवळ ठेवा. पश्चिम काठावरच्या काही ठिकाणांची तिकिटं त्या जागेवर न मिळता रस्त्यावरच्या मुख्य तिकीटघरात मिळतात, म्हणून निघण्यापूर्वी हॉटेलात विचारून घ्या. सुट्ट्या छोट्या नोटा वेगळ्या खिशात असू द्या. पहारेकरी कोपरा दाखवायला पुढे येतात आणि बक्षिसी मागतात. हवं असेल तरच मागे जा. शाकाहाऱ्यांनी अजिबात काळजी करू नये. भात, मसूर, मॅकरोनी, छोले आणि तळलेला कांदा घातलेली कोशारी पोटभर होते, शिवाय ‘फूल’ (शिजवलेले बाकल्याचे दाणे) आणि तामेया (त्याच दाण्यांची तळलेली वडी) आहेतच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, तरी टोपी आणि पाणी लागतंच. छोटी दुर्बीण न्या, खांबांच्या माथ्यावरचं काम खालून दिसत नाही. विजेरीही न्या, कबरींच्या कोपऱ्यांत ती उपयोगी पडते.

अस्वानला जाताना वाटेत उतरून एडफूचं मंदिर पाहा. ते ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांनी इसवीसनपूर्व २३७ ते ५७ मध्ये बांधलं, तरी आराखडा जुनाच आणि छत शाबूत, त्यामुळे उजेड अंगणापासून गाभाऱ्यापर्यंत कसा कमी कमी होत जातो ते इथेच नीट कळतं. अस्वानच्या खाणीत अर्धवट सोडलेला ग्रॅनाईटचा स्तंभ आडवा पडला आहे, जवळपास ४२ मीटर लांब, वजन हजार टनांहून जास्त. घडवतानाच तडा गेला म्हणून सोडून दिलेला. त्याच्या बाजूच्या चरांत डोलेराइट या कठीण दगडाच्या गोट्यांनी ठेचून ठेचून केलेले उथळ खळगे ओळीने दिसतात, एकेका कामगाराच्या वाट्याला आलेली जागा मोजता येईल इतके स्पष्ट. इथे सावली अजिबात नाही, म्हणून सकाळी लवकर जा, आणि खालच्या पायवाटेने पूर्ण फेरी मारा. वरच्या कठड्यावरून हे खळगे दिसत नाहीत.