रिपोर्टात हवेची ओळ नव्हती

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका कस्टमरकडून छोटं पार्सल परत आलं. आत आम्हीच कोटिंग करून दिलेल्या चार स्टीलच्या पिना होत्या. जाताना आरशासारख्या काळ्या चकचकीत होत्या, आणि आता मधोमध बोटभर रुंदीचा भुरकट पट्टा, त्यात उभे ओरखडे. कॉटन बड फिरवला तर टोकाला काजळीसारखी बारीक पूड आली. सोबत आमच्याच रिपोर्टची झेरॉक्स होती आणि घर्षण गुणांक (जितका लहान तितकं निसरडं) ०.११ या आकड्याभोवती लाल पेनने गोल केलेला. चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती, तो गोलच पुरेसा होता.

मी बडोद्यात मकरपुऱ्याला एका छोट्या कोटिंग युनिटमध्ये टेस्टिंग बघते, बारा वर्षं झाली. त्या रिपोर्टवर सही माझी होती आणि ०.११ हा आकडा खोटा नव्हता, मी स्वतः तीन वेळा काढला होता. पण काढला कधी, तर जुलैमध्ये, बाहेर चार दिवस पावसाची झड, विश्वामित्री भरून वाहत होती आणि आमच्या टेस्ट रूममधे भिंतीला हात लावला तरी ओल लागायची. आणि पिना बसल्या कुठे तर एका बंद खोक्यात, ज्याच्यात दिवसरात्र कोरडा नायट्रोजन सोडलेला असतो, कारण आतल्या मालाला भेज चालत नाही. (बडोद्यात ओलाव्याला आम्ही मराठी लोकंही भेजच म्हणतो, सवय झालीय.) हे आम्ही विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि रिपोर्टात हवा कशी होती त्याची ओळच नव्हती.

पिनांवरचं कोटिंग होतं डीएलसी, म्हणजे डायमंड-लाइक कार्बन. हिरा नव्हे आणि ग्रॅफाइटही नव्हे, दोघांचे बंध एकमेकात मिसळलेला कार्बनचा थर, यंत्राच्या भागांवर जाडी साधारण एक ते चार मायक्रॉन. आयसेनबर्ग आणि शॅबो या दोघांनी १९७१ मधे आयन बीमने असा थर बनवल्याचं छापलं, तिथून हे नाव धरतात. आज रेझर ब्लेडवर, हार्ड डिस्कवर, डिझेल इंजेक्टरच्या भागांवर, औषधाच्या टॅबलेट दाबायच्या पंचवर, सगळीकडे असतो. पण लोकं "डीएलसी लावून द्या" असं म्हणतात तेव्हा एकच वस्तू डोक्यात असते, आणि तिथेच घोळ सुरू होतो, कारण यात दोन घराणी आहेत. एकात भरपूर हायड्रोजन असतो, अ‍ॅसिटिलीन किंवा मिथेन गॅस फोडून बनवतात म्हणून. दुसऱ्यात हायड्रोजन जवळजवळ नसतोच, कार्बनच्या ठोकळ्यावर आर्क मारून किंवा स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने अणू उडवून) बनवतात, हे जास्त कडक निघू शकतं. आणि ओलाव्याशी या दोघांचं वागणं अगदी उलटं.

शाळेत आम्हाला बाईंनी शिकवलं होतं की कार्बनला चार हात असतात. मला अजूनही तसंच दिसतं सगळं. थराच्या आतल्या अणूचे चारही हात शेजाऱ्यांनी धरलेले, पण अगदी वरच्या अणूचा एक हात मोकळा राहतो. हायड्रोजन नसलेल्या थरात हे मोकळे हात कोणीतरी धरावे लागतात, आणि नेहमीच्या हवेत ते काम पाण्याची वाफ करते, पाण्याचा रेणू फुटून त्याचा हायड्रोजन नि हायड्रॉक्सिल त्या हातांना जाऊन चिकटतो आणि पृष्ठभाग शांत होतो, घर्षण ०.१ च्या आसपास येतं. आता ती वाफच काढून घ्या. वरून टेस्टचा बॉल घासला की आहे तेवढं पांघरूण खरवडून जातं, नवीन मिळत नाही, मग मोकळा हात समोरच्या पृष्ठभागाचाच हात धरतो आणि सोडत नाही. व्हॅक्यूममधे किंवा कोरड्या नायट्रोजनमधे याच कोटिंगचं घर्षण ०.६ च्या वर जातं. आमच्या पिना याच जातीच्या होत्या. कडकपणा जास्त म्हणून आम्हीच सुचवलेल्या.

हायड्रोजनवाल्या थराचं बघा. त्याचे हात आधीच हायड्रोजनने धरलेले, आतही साठा आहे, घासून एक गेला तर दुसरा असतो. असे दोन पृष्ठभाग कोरड्या जागी एकमेकांवरून जातात तेव्हा धरायला काही उरतच नाही. शिकागोजवळच्या आरगॉन लॅबमधे अली एर्देमिर आणि त्यांच्या लोकांनी अशा थरांवर कोरड्या नायट्रोजनमधे ०.००१ च्या आसपासचं घर्षण मोजलं. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा दशांश चिन्ह चुकलंय असं वाटून पुन्हा वाचला होता. पण हाच थर दमट हवेत आणला की पाण्याचे रेणू वर येऊन बसतात, त्यांची आपापसात ओढ असते, घसरणाऱ्या दोन्ही बाजूंना ते थोडंथोडं धरून ठेवतात आणि आकडा ०.०५ ते ०.२ असा कुठेही जातो. लहानपणी दांडिया बाजारच्या आमच्या वाड्यात पावसाळ्यात कॅरम खेळताना स्ट्रायकर मधेच अडायचा, दादा पावडर तव्यावर गरम करून आणायचा. तिथलं कारण वेगळं, पावडरीचे गोळे होतात, पण "पाणी आलं की अडतं" ही समजूत तिथूनच पक्की झालेली असते आणि हायड्रोजनवाल्या थराला ती लागू पडते. दुसऱ्याला नाही पडत.

खरं तर ग्रॅफाइटनेच हे आधी शिकवलंय. आजी कुलूप अडलं की किल्लीवर पेन्सिलीचं शिसं घासायची, कुलूप लोण्यासारखं फिरायचं. ग्रॅफाइटचे पापुद्रे एकावर एक घसरतात म्हणून ते निसरडं, असं बरीच वर्षं मानत होते. मग दुसऱ्या महायुद्धात विमानं खूप उंच उडायला लागली आणि जनरेटरमधले कार्बन ब्रश (फिरत्या भागाला टेकून वीज जोडणारे ठोकळे) झपाट्याने झिजून त्यांची धूळ व्हायला लागली, कारण तिकडे वर हवेत वाफ जवळजवळ नसतेच. जनरल इलेक्ट्रिकच्या सॅव्हेज यांनी १९४८ मधे दाखवून दिलं की ग्रॅफाइटला निसरडं राहायला थोडी वाफ लागतेच. आणि मॉली, म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे दुसरं कोरडं वंगण, बरोब्बर उलटं, व्हॅक्यूममधे उत्तम, दमट हवेत बिघडतं, म्हणून सॅटेलाइटमधे ते वापरतात. मला कार्बनच्या ब्रशची ही गोष्ट माहीत होती. हायड्रोजन नसलेल्या डीएलसीला ती तशीच लागू होते हेही वाचलेलं होतं. तरी रिपोर्टात ओळ नव्हती, याचं मला खूप वाईट वाटलं होतं आणि अजून वाटतं.

पार्सल आल्यावर पहिलं काम केलं ते पिन-ऑन-डिस्क मशीनवर (फिरत्या नमुन्यावर बॉल दाबून घर्षण मोजायचं यंत्र) अ‍ॅक्रिलिकचं खोकं बसवलं. दमट हवा बनवायला महागडं यंत्र लागत नाही, मीठ लागतं. ताटलीत मीठ घ्यायचं, त्यात इतकंच पाणी की खाली न विरघळलेलं मीठ शिल्लक राहील, ओल्या रेतीसारखं, आणि खोकं बंद. थोड्या तासात आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी फारशी हलत नाही. मॅग्नेशियम क्लोराइड घेतलं तर ३३ टक्के, लिथियम क्लोराइडला ११. फक्त स्वयंपाकघरातलं मीठ नको, त्यात मोकळं राहावं म्हणून इतर काही घातलेलं असतं, लॅबचं शुद्ध घ्या. मला ही पद्धत फार आवडते, ताटलीभर ओलं मीठ अख्ख्या खोक्याची हवा धरून ठेवतं.

कोरडी हवा मात्र कठीण. नायट्रोजन सोडला, मीटर ५ टक्के दाखवायला लागला आणि आमचा ऑपरेटर खूश, "बेन, एकदम सूकुं थई गयुं", म्हणजे ताई, एकदम कोरडं झालं. मी वहीत हिशोब केला. ३० अंशाला ५ टक्के म्हणजे वाफेचा दाब सुमारे २१० पास्कल, म्हणजे दर दहा लाख रेणूंमागे अजून २,००० च्या वर पाण्याचे. पृष्ठभागाच्या दृष्टीने ही कोरडी हवा नाहीच, हात धरायला इतकी वाफ बऱ्याचदा पुरते. बॉल दाबून धरणारा लोड आर्म जिथून आत जातो त्या भोकातून गळत होतं, तिथे सिलिकॉनची बाही चढवली, नळी बदलली, रात्रभर गॅस सोडला, तेव्हा कुठे त्या पिनांच्या नमुन्यावर आलेख चढताना दिसला. आधी दहाएक मिनिटं ०.१२ वर सरळ, मग एकदम थरथर आणि वर, आणि बॉलचा आवाज बदलला, कर्रर्र असा. तो आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कस्टमरच्या खोक्यात हेच झालं असणार, ऐकायला कोणी नव्हतं इतकंच.

त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. खोकं बसवण्यापूर्वीच्या जुन्या आलेखात हायड्रोजनवाल्या नमुन्यांवर लाटा यायच्या, दर आठदहा मिनिटांनी वर खाली, आम्ही ते मशीनच्या बेअरिंगवर ढकलायचो. आता मीटर शेजारी ठेवून बघितलं तर एसीचा कॉम्प्रेसर बंद झाला की पंखा चालू राहतो, कॉइलवरचं पाणी परत खोलीत उडतं, आर्द्रता चढते आणि पाठोपाठ घर्षण चढतं. कॉम्प्रेसर चालू झाला की दोन्ही उतरतात. बेअरिंगचा काही दोष नव्हता, आम्ही ते दोनदा उगाच बदललं.

वेगही बघावा लागतो. जवळजवळ कोरड्या गॅसमधे हायड्रोजनवाला थर हळू फिरवला तर घर्षण जास्त येतं, भराभर फिरवला तर कमी, कारण बॉल एकदा जाऊन परत येईपर्यंत त्या जागेवर किती वाफ येऊन बसली यावर सगळं आहे. म्हणून एएसटीएम जी ९९ या पिन-ऑन-डिस्कच्या स्टँडर्डप्रमाणे टेस्ट केली तरी वेग, ट्रॅकचा व्यास, बॉल स्टीलचा की अ‍ॅल्युमिनाचा, हे सगळं लिहायचंच, आणि आर्द्रता लिहायला तर ते स्टँडर्डच सांगतं. तेलात बुडालेल्या भागांना हवेचा त्रास बराच कमी. सिलिकॉन मिसळलेलं डीएलसी दमट हवेत बरंच शांत राहतं, ते ज्यांना पावसाळ्यातच मशीन चालवायचंय त्यांनी जरूर विचारावं. आणि ३०० अंशाच्या पुढे जाणार असाल तर हायड्रोजनवाला थर हायड्रोजन सोडायला लागतो, मग वरचं सगळं गणित बदलतं.

त्या कस्टमरला मी फोन केला, सगळं सांगितलं, चूक आमची आहे हेही सांगितलं. नवीन पिना हायड्रोजनवाल्या थराच्या दिल्या, नायट्रोजनच्या खोक्यात टेस्ट करून, ०.०२ आले. रिपोर्टात आता आकड्याच्या वर गॅस, आर्द्रता, तापमान, वेग आणि बॉल अशा ओळी आहेत आणि त्या भरल्याशिवाय मी सही करत नाही. त्यांच्या मेन्टेनन्सवाल्या दादांनी मग असा प्रश्न विचारला जो मला सुचायला हवा होता, की ताई, पावसात दुरुस्तीसाठी झाकण उघडतो तेव्हा दमट हवा आत जाणारच, मग पुन्हा बंद करून नायट्रोजन सोडल्यावर मशीन लगेच फुल स्पीडला घ्यायचं की थांबायचं, आणि थांबायचं तर किती.

म्हणून आज ती टेस्ट लावलीय. रात्रभर नमुना मिठाच्या ताटलीसोबत ठेवला, सकाळी ०.१६ वर चालू केला, मग ताटली काढून नायट्रोजन सुरू केला. बाहेर पाऊस आहे. बावीस मिनिटं झाली, ०.०९ वर आलाय आणि अजून उतरतोय.