मुंबई-गोवा क्रूझ: कोल्हापुरातून जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी वाचा

शनिवारी सकाळी दहा वाजता आम्ही गोव्यात मुरगाव बंदरावर उभे होतो. तिथून सावंतवाडी, आंबोली, आजरा करत कोल्हापूर गाडीने पाच-साडेपाच तास. दिवेलागणीच्या आत घरी पोचलो असतो. पण सामान जहाजात, नावं जहाजाच्या यादीत आणि परवानगी फक्त चारपर्यंत फिरून यायची. म्हणून परत चढलो, रविवारी सकाळी मुंबईला उतरलो, दिवस सीएसएमटीवर काढला, रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरली आणि सोमवारी सकाळी कोल्हापूर. घरापासून सव्वादोनशे किलोमीटरवर येऊन पोचायचं आणि मग पावणेचारशे किलोमीटर लांबच्या शहरातून घरी यायचं! आज बुधवार आहे, अजून पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटते आणि राग उतरलेला नाही. तरी आत्ताच लिहिते. आमच्याच पेठेतली दोन घरं पुढच्या महिन्यात याच सहलीला निघालीत.

आम्ही चौघं होतो: मी, आमचे हे, कॉलेजात जाणारी मुलगी आणि माझी आत्या. आत्याचं वय ७४, गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत. माझं माहेर रत्नागिरीचं. लहानपणी आत्या आगबोटीने मुंबईला जायची, पडावात बसून बोटीपर्यंत जायचं आणि शिडीने वर चढायचं. ते सगळं तिला अजून आठवतं, म्हणून तर हा बेत तिच्यासाठी केला.

आधी पैशाचं सांगते. स्टेशन रोडच्या एका एजंटाकडे बुकिंग केलं. फलकावर माणशी १८,००० रुपये, तीन रात्री, 'सगळं धरून'. चौघांचे ७२,००० होतात म्हणून आम्ही तयारीत गेलो. टोकन भरल्यावर कागद आला त्यात पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी म्हणजे जहाजावरच्या नोकरांची बक्षिसी, आणि जीएसटी मिळून आणखी २१,६०० रुपये. हे तिन्ही खर्च खरेच असतात, त्याबद्दल वाद नाही. पण मग 'सगळं धरून' हे शब्द कशाला वापरायचे? आणि टोकन घ्यायच्या आधी का नाही सांगायचं? शिवाय जहाजावरचं बिल झालं ७,४५० रुपये. म्हणजे ७२,००० ची सहल १,०१,०५० ला पडली. रेल्वे, टॅक्सी, गोव्यातला खर्च यात नाही.

जहाजावरचं बिल कसं फुगतं ते समजून घ्या. तिथे रोख चालत नाही. चढतानाच एक कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पैशाचं पाकीट. जिथे दाखवाल तिथे खर्च तुमच्या खात्यावर चढतो. जेवण, नाश्ता, चहा ठरलेल्या हॉलमध्ये तिकिटात होतं. पण डेकवरची कॉफी वेगळी, नाव असलेली खास रेस्टॉरंटं वेगळी, फोटो वेगळे आणि खोलीत टेबलावर मांडून ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्याही वेगळ्या. त्या बाटल्यांच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी होती. आत्याने रात्री अंधारात एक फोडली, चिठ्ठी कुणी बघितलीच नाही. रोज रात्री रिसेप्शनला जाऊन खातं बघा. शेवटच्या रात्री दाराखालून बिल सरकवतात आणि सकाळी दुरुस्तीसाठी शंभर माणसांची रांग लागते. आमच्या बिलात आम्ही न घेतलेला एक फोटो होता. रात्रीच गेलो म्हणून दहा मिनिटांत काढून मिळाला.

मोबाईलचंही तसंच. आपण देशातच फिरतोय, रोमिंग कशाला लागेल, असं आम्हालाही वाटलं होतं. किनारा दूर गेला की आपलं नेटवर्क जातं आणि जहाजाचं स्वतःचं, उपग्रहावर चालणारं नेटवर्क येतं. ह्यांचा फोन पोस्टपेड, त्यावर परदेशी रोमिंग चालू होतं. रात्री फोन उशाशी तसाच राहिला. आल्यावर बिलात २,३०० रुपये जादा. जहाज सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, विषय संपला. जहाजाचं वायफाय महाग होतं आणि मंदही. ते घेऊ नका.

आता मुंबईचा दिवस. मला विचाराल तर या सहलीतला सगळ्यात वाईट टप्पा तो. महालक्ष्मी आपल्याला सकाळी सीएसएमटीला सोडते. आमच्या जहाजाचं चेक-इन दुपारी एकला होतं. मधले पाच तास चौघांनी आणि सहा बॅगांनी काय करायचं, याचा विचार आम्ही केलाच नव्हता. क्लोकरूम आहे, पण बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत. आमच्या दोन बॅगा चेनच्या, कुलपाविना. स्टेशनबाहेर जाऊन कुलपं आणली तेव्हा ठेवून घेतल्या.

मग टॅक्सी. ड्रायव्हरला म्हटलं, 'गोव्याची बोट जिथून सुटते तिथे चला.' तो म्हणाला, 'भाऊचा धक्का.' आत्याही मागून म्हणाली, 'होय, होय, भाऊच्या धक्क्यालाच आमची बोट लागायची.' दोघंही इतक्या खात्रीने बोलले की आम्ही गप्प बसलो. उतरलो तर मासळीच्या टोपल्या, बर्फाच्या गाड्या आणि मांडव्याला, रेवसला जाणारी माणसं. तिथे एका हमालाने सांगितलं, 'मोठं जहाज इथे नाही, बॅलार्ड पियरला.' पुन्हा टॅक्सी, पुन्हा भाडं, आणि ट्रॅफिकमध्ये पाऊण तास. बॅलार्ड पियर सीएसएमटीपासून दीड किलोमीटरसुद्धा नाही हो! चालत गेलो असतो तरी आधी पोचलो असतो. टॅक्सीवाल्याला 'बोट', 'क्रूझ', 'गोवा' काही सांगू नका. 'बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट' एवढंच सांगा. आणि तुमचं जहाज नेमक्या कुठल्या टर्मिनलवर लागणार, कुठल्या गेटने आत जायचं, हे एजंटाकडून आदल्या दिवशी लिहून घ्या.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा काउंटरलाच घेतात, त्या खोलीत यायला संध्याकाळ होते. औषधं, ओळखपत्रं, चष्मा, एक शाल आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. आत्याची बीपीची गोळी मोठ्या बॅगेत गेली होती, ती मिळेपर्यंत माझ्या जिवाला घोर. देशातल्या सहलीला आधार कार्ड चालतं. मूळ कार्ड न्या, झेरॉक्सवर भरवसा नको. म्हातारं माणूस बरोबर असेल तर व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा. गेटपासून खोलीपर्यंत चालणं बरंच आहे आणि लिफ्टपुढे गर्दी असते.

तपासणीत बाहेरचं खाणं काढून घेतलं. जयसिंगपूरचं भडंग, शेंगदाण्याची चटणी, खर्डा, लाडवांचा डबा, सगळं. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड हेही चालत नाही, आगीच्या भीतीने. ते मला पटलं. पण त्यांनी आत्याचा अडकित्ताही काढला. पितळी, मोराच्या आकाराचा, तिच्या सासूबाईंचा. पात्याला धार म्हणून बाजूला ठेवला. सिक्युरिटीतल्या पोरीने तो दोन्ही बाजूंनी उघडून मिटून बघितला आणि विचारलं, 'आजी, हे कशाला लागतं?' आत्याने बटव्यातून सुपारी काढून तिथल्या तिथे कातरून दाखवली. पोरगी हसली, पण अडकित्ता दिला नाही. पाकिटात घालून नंबर लिहिला आणि पावती दिली. असं काही काढून घेतलं तर पावतीशिवाय पुढे सरकू नका.

खोलीचं. एजंट म्हणाला, 'खोलीत फक्त झोपायचं असतं, कुठलीही घ्या.' हा सल्ला पूर्ण चुकीचा आहे. आम्हाला नाळेकडची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाची, बिनखिडकीची खोली मिळाली. खाली दोन पलंग, वर भिंतीतून उतरणारे दोन. लाटेवर जहाजाचं नाक वरखाली होतं आणि तो हेलकावा पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त जाणवतो. मधल्या भागात, खालच्या मजल्यावर सगळ्यात कमी. पहिल्या रात्री दोन वाजल्यापासून मुलगी उलट्या करत होती. समोर भिंत स्थिर दिसते, कानाच्या आतला तोल म्हणतो आपण हलतोय, त्या गोंधळाने मळमळतं. खिडकी असती तर क्षितिजाकडे बघता आलं असतं. शेवटी शाल गुंडाळून तिला डेकवर नेलं, वाऱ्यात बसवलं, अर्ध्या तासात बरं वाटलं. ॲव्होमिनसारखी गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून न्या आणि जहाज सुटायच्या आधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. बिनखिडकीच्या खोलीत सकाळ झालेलीही कळत नाही. ह्यांना वाटलं पहाट आहे, बाहेर साडेनऊ वाजले होते आणि नाश्ता आवरत आला होता. खिडकीच्या खोलीला थोडे जादा पैसे पडले तरी द्या. बाल्कनीची गरज नाही. पण जहाजाच्या मधली, खालची आणि खिडकीची खोली, या तीन गोष्टींवर अडून बसा. खोली नंबर घेऊन जहाजाच्या नकाशावर स्वतः बघा.

सुटायच्या आधी सगळ्यांना आपापल्या ठरलेल्या जागी गोळा करून लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब, ही धोक्याची खूण. बरेच जण फोनवर बोलत उभे होते, दोघं-तिघं तर आलेच नाहीत. कृपा करून असं करू नका. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडालं तेव्हा आदल्या काही तासांत चढलेल्या प्रवाशांची ही तालीम झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून तालीम जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. आपल्याकडे तर १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. रत्नागिरीत आमच्या घरी मोठी माणसं ती गोष्ट आवाज खाली करून सांगायची. आत्या त्या तालमीत सगळ्यात पुढे, जॅकेटचे बंद दोनदा तपासून उभी होती.

शुक्रवार पूर्ण समुद्रात, छान गेला. जेवण बरं, पण तिखटाचं नाव नाही. एसी इतका की हॉलमध्ये शालीशिवाय बसवत नाही. रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या असतात, दुसरी मागून घ्या.

आता मुरगाव. बंदराच्या गेटबाहेर टॅक्सीवाल्यांनी ओल्ड गोवा करून परत यायचे ४,५०० सांगितले, घासाघीस करून ३,८०० ला आलो. जाऊन-येऊन तिथे मिळाला दीड तास. कोल्हापूरकरांनी हे करू नये. ओल्ड गोवा आपण कुठल्याही शनिवार-रविवारी आपल्या गाडीने बघतो. उतरायचंच असेल तर वास्कोजवळच राहा: बोगमाळोचा किनारा आणि तिथलं नौदलाचं विमान संग्रहालय. मुलांना ते नक्की आवडेल. सोमवारी मात्र ते बंद असतं. जहाजाची वेळ सुटली तर जहाज थांबत नाही. परतीची जी वेळ छापलेली असते, तिच्या तासभर आधी गेटवर पोचा.

आणि मुख्य मुद्दा. मी रिसेप्शनला विचारलं, 'आम्ही इथेच उतरून घरी गेलो तर?' मुलगी नम्रपणे म्हणाली, 'मॅडम, आधी कळवलं असतं तर विचार झाला असता. प्रवाशांची यादी बंदराला गेलेली असते, आज ती बदलता येत नाही.' म्हणजे वाट होती, फक्त आम्हाला कुणी सांगितली नाही! कोल्हापूर, सांगली, बेळगाव, सिंधुदुर्गाच्या सगळ्यांना माझं एकच सांगणं: बुकिंगच्या आधी एजंटाला विचारा, 'मुंबई ते गोवा एकेरी मिळेल का? नसेल तर गोव्यात उतरायची लेखी परवानगी मिळेल का?' तोंडी 'बघू, होऊन जाईल' चालणार नाही, ईमेलवर उत्तर घ्या. दोन्हीला नकार आला तर मुंबई-गोवा-मुंबई ही सहल आपल्यासाठी नाही. त्यापेक्षा लक्षद्वीपची निवडा. तिथे आपण गाडीने एरवी जाऊच शकत नाही. फक्त लक्षद्वीपला प्रवेशाचा परवाना लागतो. तो कोण काढणार, त्याचे पैसे कशात धरलेत आणि बेटावर छोट्या होडीने उतरावं लागेल का, हे विचारून ठेवा. गुडघ्याच्या माणसाला होडीत उतरणं अवघड जातं.

एवढं बोलून एक खरं सांगते. शनिवारी रात्री जहाज गोव्यातून निघालं. अकराच्या सुमारास आत्या मला घेऊन वरच्या डेकवर गेली आणि कठड्याला धरून उभी राहिली. डाव्या हाताला काळा समुद्र, उजव्या हाताला लांबवर किनाऱ्याचे दिवे. प्रत्येक पुंजका दिसला की ती विचारायची, 'हे मालवण असंल? हे विजयदुर्ग?' मला सांगता येईना. रत्नागिरी पहाटे येईल या आशेवर ती साडेतीनपर्यंत जागी राहिली. त्या रात्रीसाठी मी पुन्हा पैसे भरेन. पण तो किनारा मुंबईहून गोव्याला जातानाही तसाच दिसतो, फक्त डाव्या हाताला. म्हणून एकेरी तिकीट.

उतरायच्या सकाळी काढून घेतलेल्या वस्तू टर्मिनलमधल्या वेगळ्या काउंटरवर मिळतात, बॅगांच्या पट्ट्याजवळ नाही. त्याची पाटी आम्हाला दिसली नाही आणि आम्ही गेटबाहेर टॅक्सीपर्यंत गेलो. तिथे आत्याने सुपारीसाठी बटवा उघडला आणि पावती हाताला लागली. परत आत सोडायला गेटवरचा माणूस तयार नव्हता. पावती दाखवली, पंधरा मिनिटं थांबवलं, मग एकट्या ह्यांना सोडलं. खर्डा आणि लाडू टाकून दिले होते. अडकित्ता मिळाला.