संकष्टी केली की कोलेस्टेरॉल उतरतं का?

मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, मी इतके उपवास करते, तरी माझं कोलेस्टेरॉल का उतरत नाही?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल ताटातून येतच नाही. शरीर ते स्वतः तयार करतं, त्यात यकृताचा वाटा मोठा, आणि हे काम रात्री जास्त जोरात चालतं. सिमव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी रात्री घ्यायला सांगतात ती त्यासाठीच. एक दिवस उपाशी राहून एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, फारसं हलत नाही. जेवणाबरोबर लगेच वर-खाली होतात ते ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी. जेवल्यावर तीन-चार तासांनी ते सर्वांत वर असतात.

आता आपली संकष्टी बघा. सकाळी दोनदा चहा, दुपारी साबुदाण्याची खिचडी, चारला बटाट्याचे वेफर्स. चंद्रोदय साडेनऊला. मग आरती, नैवेद्य, आणि दहाला पान वाढलं जातं: वरणभात, बटाट्याची भाजी, वर तूप सोडलेले तीन-चार मोदक. साडेदहाला अंथरूण. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं आणि तंतू नावापुरते. गरजेपेक्षा जास्त पिष्ट गेलं की यकृत त्याची चरबी करून रक्तात सोडतं. त्यात रात्री इन्सुलिनचा परिणाम सकाळइतका चांगला होत नाही. खिचडीतल्या शेंगदाण्याला मात्र लोक उगाच नावं ठेवतात. त्यातली चरबी बहुतांशी हृदयाला चालणारी असते.

2023 साली फ्रान्समधल्या लाखावर लोकांच्या पाहणीत, रात्री नऊनंतर जेवणाऱ्यांमध्ये पक्षाघातासारखे विकार आठच्या आत जेवणाऱ्यांपेक्षा 28 टक्के जास्त दिसले. उशिरा जेवणं हेच कारण, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण नुसतं घड्याळ बघूनही भागत नाही. 2022 मध्ये चीनमध्ये 139 लठ्ठ माणसांना वर्षभर सारखंच कमी खायला सांगितलं, त्यातल्या निम्म्यांना फक्त सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेत. दोन्ही गटांच्या घटलेल्या वजनात एकमेकांपेक्षा लक्षणीय फरक दिसला नाही.

संकष्टी सोडा असं मी कुणाला म्हणत नाही, माझ्या आईचीही आहे. संध्याकाळी सातलाच राजगिऱ्याची भाकरी, दही आणि काकडीची कोशिंबीर पोटभर खा. चंद्र दिसल्यावर एक मोदक आणि दोन घास वरणभात. उरलेले मोदक दुसऱ्या दिवशी सकाळी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नको, साखर एकदम खाली जाऊ शकते.

आणि उपवास आहे म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी चुकवू नका, हे मी हात जोडून सांगते. अॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन रिकाम्या पोटीही चालतात. रक्त तपासायचं असेल तर मात्र संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देऊ नका. दोन-तीन दिवस नेहमीसारखं जेवा, मग द्या.