शीतलामाता बाजाराचा ल

इंदूर, सोमवार

पडद्यावर बटणं नि पाट्या काढणाऱ्या एका प्रोग्रॅमिंग लायब्ररीत देवनागरी नीट दिसावी म्हणून बदल चालू आहेत. चाचणीसाठी पाटी ठरली: ‘शीतलामाता बाजार’. कापडासाठी सगळं इंदूर तिथे जातं, पण इथे कारण वेगळं आहे. पहिल्याच शब्दात श आणि ल दोन्ही आहेत, आणि ही दोन अक्षरं मराठी नि हिंदीत निराळी काढतात. मराठीचा ल पाकळीचा, श देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात हीच रूपं प्रमाण धरली आहेत. हिंदीचा ल दांडीचा, श गाठीचा. युनिकोडात मात्र एका अक्षराच्या दोन्ही रूपांचा क्रमांक एकच. म्हणजे कोणतं रूप काढायचं ते अक्षरावरून कळत नाही, मजकूर कोणत्या भाषेतला आहे यावरून कळतं.

यंत्राची भाषा मराठी ठेवली की महाराष्ट्रात भागून जातं. इथे मराठी घरातल्या यंत्राचीही भाषा हिंदी असते, आणि एकाच फॉर्मवर सूचना हिंदीत, भरलेला मजकूर मराठीत, असं सर्रास. त्यामुळे यंत्राला विचारून उपयोग नाही.

लायब्ररी छोटी आहे, तात्काळ पद्धतीची: दर फ्रेमला सगळी बटणं, खिडक्या, पाट्या नव्याने काढते. जुन्या कोडात एक कोडपॉइंट (म्हणजे युनिकोडचा एक क्रमांक), एक चित्र, मग पुढे सरका, एवढाच हिशेब. इंग्रजीला पुरतो. देवनागरीत पहिली वेलांटी साठवताना व्यंजनाच्या मागून येते नि दिसते पुढे. अर्ध्या अक्षरांना तर स्वतःचा कोडपॉइंटच नाही. म्हणून ‘बाजारात गर्दी’ लिहिलं की र्‌ सुटा, हलन्त पायाशी लोंबकळतो.

मंगळवार

हार्फबझ जोडलं. मजकुरावरून कोणती अक्षरचित्रं कुठे बसवायची ते ठरवणं म्हणजे शेपिंग; ते काम ही लायब्ररी करते. खिडक्या-बटणांच्या मोठ्या लायब्रऱ्यांपैकी जीटीके पँगो या मजकूर-लायब्ररीमार्फत तेच वापरतं, क्यूटीही वापरतं. स्वतःचं शेपिंग लिहिण्याच्या भानगडीत पडू नये. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं, एकूण ‘ओपनटाइप’, म्हणजे फॉन्टच्या प्रमाण स्वरूपाचंच नाव. हर्फ शब्द माळव्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

छोट्या लायब्ररीचे सांभाळकर्ते नवं अवलंबन, म्हणजे आणखी एका लायब्ररीवर विसंबणं, म्हटलं की कपाळाला आठ्या घालतात, आणि ते बरोबर आहे. म्हणून मेसनमध्ये (कोड बांधण्याच्या साधनात) ते ऐच्छिक ठेवलं, मुळात बंद. शिवाय हार्फबझच्या स्रोतात ‘हार्फबझ डॉट सीसी’ नावाची एक फाइल असते. ती एकटी कंपाइल केली तरी सगळं आत येतं. वेगळं पॅकेज शोधत बसायला नको.

क्रम असा: बफर तयार करा, यूटीएफ-८ मजकूर घाला, मग दिशा, लिपी आणि भाषा तिन्ही स्वतः सांगा, मग शेप. इथे एक मोहात पाडणारं फंक्शन आहे, ‘गेस सेगमेंट प्रॉपर्टीज’. लिपी आणि दिशा ते मजकूर बघून ठरवतं, ठीक. भाषा मात्र चालू प्रोग्रॅमच्या लोकेलवरून, म्हणजे भाषा-प्रांताच्या सेटिंगवरून, उचलतं. प्रोग्रॅमने लोकेल लावलंच नसेल तर ‘सी’ हे कोणत्याच भाषेचं नसलेलं लोकेल मिळतं, लावलं असेल तर इथे हिंदी. दोन्हीकडे दांडीचा ल. शिवाय ते लोकेल विचारणारं फंक्शन पहिल्यांदा चालतं तेव्हा सेटलोकेलला हात लावतं, आणि अनेक प्रणालींवर ते थ्रेडच्या दृष्टीने (प्रोग्रॅमचे अनेक भाग एकाच वेळी चालताना) सुरक्षित नसतं. भाषा हा पाटीचाच एक गुणधर्म केला: पाटी काढणारा सांगेल, न सांगितल्यास खिडकीची भाषा.

मजकूर पडद्याबाहेर पळाला तर ६४ ने भागायचं राहिलं असं समजावं. फ्रीटाइपकडून (फॉन्टमधून अक्षरं रंगवणाऱ्या लायब्ररीकडून) आलेला फॉन्ट असेल तर मापं पिक्सेलच्या चौसष्टाव्या भागात येतात.

बुधवार

अक्षरचित्रांचा साठा कोडपॉइंटवर नव्हे, ग्लिफ (फॉन्टातल्या अक्षरचित्राचा) क्रमांक, फॉन्ट आणि आकार यांवर लावायचा. एवढंच. बाकी दिवस विंडोजवरच्या बिल्डने खाल्ला.

गुरुवार

हा दिवस नीट लिहून ठेवण्यासारखा. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद. दर फ्रेमला दर पाटी पुन्हा शेप करणं परवडत नाही, म्हणून शेप झालेली ओळ साठवून ठेवायची. किल्ली: मजकूर, फॉन्ट, आकार. चालवून पाहिलं तर मराठी पाटीवर कधी पाकळीचा ल, कधी दांडीचा. खिडक्या उघडण्याचा क्रम बदलला की रूप बदलायचं.

किल्लीत भाषाच नव्हती. ‘शीतलामाता बाजार’ हिंदी सूचनेत आधी आलं की तीच ओळ साठ्यात जायची आणि मराठी रकान्याला जशीच्या तशी मिळायची. मजकूर बाइट न् बाइट सारखा, त्यामुळे साठ्याच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नाही. ज्याला फक्त एका भाषेत चाचणी करायची सवय आहे त्याला हा दोष जन्मात दिसणार नाही. किल्लीत भाषा घातली, प्रश्न मिटला; कोडात फरक दोन ओळींचा.

शंका आली तर आधी फॉन्ट तपासावा. उबुंटूवर ‘लिब-हार्फबझ-बिन’ पॅकेज घातलं की ‘एचबी-शेप’ मिळतं. एकच शब्द भाषा ‘एमआर’ (मराठी) देऊन आणि मग ‘एचआय’ (हिंदी) देऊन चालवायचा. ग्लिफ दोन्ही वेळा तेच आले तर त्या फॉन्टात मराठी रूपं नाहीत. लायब्ररीवर राग काढू नये. नोटो सान्स देवनागरीत ती आहेत.

शुक्रवार

ठिपक्यांचं गोल वर्तुळ दिसलं की ओळ चुकीच्या जागी तुटली आहे. एखादं अक्षर फॉन्टात नसेल तर पर्यायी फॉन्ट घ्यावा लागतो, पण तो एकेका कोडपॉइंटसाठी घेतला तर मात्रा व्यंजनापासून सुटते आणि हार्फबझ तिला बसायला वर्तुळ देतं. पर्याय घ्यायचा तर अख्ख्या जोडाक्षरगटासाठी घ्यावा.

दुसरा घोळ मजकूर-पेटीत. ‘न दिसणारी’ चिन्हं गाळणारं एक जुनं फंक्शन होतं, त्यात शून्य-रुंदीचा जोडकही (अक्षराचं अर्धं रूप राखणारं अदृश्य चिन्ह) जात होता. कुऱ्हाडीतला र दोन प्रकारांनी साठवलेला सापडतो: एक ऱ आणि हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि हा जोडक. दुसऱ्या प्रकारात जोडक गाळला की कुर्हाड. पेटीत शब्द बरोबर लिहिला, जतन केला, उघडला, तर रफार डोक्यावर. हिंदीत हा आडवा र नसल्याने हिंदीच्या चाचण्या हिरव्याच राहतात.

शनिवार

क्ष म्हणजे तीन कोडपॉइंट, नऊ बाइट, ग्लिफ बहुधा एक. बाण दाबला की कर्सरने तो एका उडीत ओलांडावा. युनिकोडच्या ग्राफीम नियमांत (वाचणाऱ्याला एक अक्षर वाटणारा तुकडा कुठे संपतो ते ठरवणाऱ्या) हलन्ताने जोडलेली देवनागरी व्यंजनं न तोडण्याचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीचे तक्ते वापरणारी लायब्ररी क्षच्या मधोमध थांबते. आपले तक्ते जुने निघाले, बदलले.

बॅकस्पेसचं उलट. तिथे एकच कोडपॉइंट गेला पाहिजे, क्षचा क् उरावा. टंकताना चूक बहुतेक शेवटच्या कळीची असते, आणि स्त्र्या एवढं लिहून मात्रा चुकली म्हणून सगळं पुसलं गेलं तर माणूस वैतागतो. पँगोत यासाठी वेगळी खूण आहे, तीच कल्पना घेतली.

रविवार

पॅच, म्हणजे सगळे बदल, सांभाळकर्त्यांना पाठवण्याआधी त्याचे तुकडे पाडले: मेसनचा पर्याय, शेपिंग, साठ्याची किल्ली, कर्सर. चार कमिट (वेगवेगळ्या नोंदवलेले बदल), प्रत्येक एकटं कंपाइल होणारं. एकगठ्ठा पाठवलेला पॅच कुणी वाचत नाही.

चाचण्या चित्रांच्या तुलनेवर ठेवल्या नाहीत. फ्रीटाइपची आवृत्ती बदलली की कडांच्या राखाडी छटा बदलतात आणि विनाकारण लाल दिवा लागतो. त्याऐवजी ग्लिफ क्रमांक आणि गट (कोणता ग्लिफ मूळ ओळीतल्या कोणत्या अक्षरांचा) मजकुरात नोंदवून तेच ताडायचे. त्यासाठी फॉन्टची फाइल भांडारातच हवी, ओएफएल या खुल्या फॉन्ट-परवान्यासकट, कारण फॉन्टची नवी आवृत्ती आली की क्रमांक सरकतात. फाइल लहान करायला पायएफटी-सबसेट चालवलं तर ‘रिटेन-जीआयडीज’ द्यावं, नाहीतर तेही क्रमांक नव्याने लावतं.

चाचणीच्या यादीत शेवटी सहा ओळी: शीतलामाता बाजार दोन्ही भाषांत, तोच उलट क्रमाने पुन्हा, कुऱ्हाड दोन्ही प्रकारांनी. मधल्या दोन ओळी कुणीतरी ‘पुनरावृत्ती’ म्हणून काढायला सांगेल. म्हणून त्यांच्यावर टीप लिहिली आहे की क्रम हीच चाचणी आहे.