थंडीत डिझेल ट्रॅक्टर सुरू होत नाही? पार्ट बदलायच्या आधी धूर बघा

थंडी पडायला लागली की छोट्या डिझेल ट्रॅक्टरवाल्यांची एकच तक्रार असते, दुपारी चावी फिरवली की लगेच घेतो आणि सकाळी मात्र नुसता घर्र घर्र करत बसतो. मग बहुतेक जण आधी नवीन बॅटरी आणतात, तिनेही काम झालं नाही की फिल्टर, मग नोझल काढून टेस्टिंगला, आणि शेवटी पंप. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण गडबड कुठे आहे ते ट्रॅक्टर स्वतःच सांगत असतो. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, मारताना दोनच गोष्टी बघायच्या, इंजिन किती जोरात फिरतंय आणि सायलेन्सरमधून काय बाहेर पडतंय.

थंडीनेच का अडतं ते आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, छोट्या इंजिनात साधारण 18 ते 23 पट, त्या दाबाने हवा 500 अंशांच्या वर तापते आणि नोझलने फवारलेलं डिझेल त्या हवेत आपोआप पेटतं. आता इंजिन गार असलं की ही उष्णता आजूबाजूचं लोखंड खाऊन टाकतं. सिलेंडर जितका लहान तितकी आतल्या हवेच्या मानाने भिंत जास्त, म्हणून मोठ्या इंजिनापेक्षा छोट्याला थंडी जास्त बाधते. त्यात सेल्फ हळू फिरवत असेल तर दाबलेल्या हवेला पिस्टनच्या रिंगांमधून निसटायला वेळ मिळतो, म्हणजे उष्णता अजून कमी. उन्हाळ्यात जी कमजोरी खपून जाते ती थंडीत उघडी पडते, एवढंच आहे हे.

तर एका माणसाला चावीवर बसवा आणि तुम्ही सायलेन्सरपाशी उभे राहा. एका वेळी 10 सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर सेल्फची मोटर जळेल आणि हे नवीनच काम मागे लागेल.

इंजिन जोरात फिरतंय आणि पांढरा धूर येतोय, डोळ्याला झोंबतोय, कच्च्या डिझेलचा वास येतोय, तर डिझेल सिलेंडरमध्ये पोचतंय पण पेटत नाहीये. उष्णता कमी पडतेय. अशा वेळी फिल्टरला हात लावायची गरजच नाही. जोरात फिरूनही धूर अजिबातच नाही, तर डिझेलच पोचत नाहीये, मग ग्लो प्लगच्या, म्हणजे सिलेंडरमधली हवा तापवणाऱ्या हीटर प्लगच्या, मागे लागून उपयोग नाही. आणि मुळात इंजिनच जड फिरत असेल तर धुराचं नंतर बघू, आधी वेग आणा.

जड फिरण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. बॅटरी रात्रभर तशीच ठेवून सकाळी मीटर लावा, पूर्ण चार्ज असेल तर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवेल, 12.2 म्हणजे अर्धीच भरलेली. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी चार्ज करून परत बघा, तरी तेच दिसलं तर बॅटरी संपली समजा. पण बॅटरी चांगली आणि तरीही इंजिन जड फिरतंय, तर वायरी तपासा, आणि नुसतं डोळ्याने बघून नाही. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर धरा, टर्मिनलच्या पट्टीवर नाही, खुद्द खांबावर, लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. 0.2-0.3 व्होल्ट दिसले तर ठीक, एक व्होल्ट दिसला तर अर्थिंगमध्ये गडबड आहे. माझ्या ट्रॅक्टरला असंच झालं होतं. अर्थिंगची पट्टी दिसायला एकदम नवी, बोल्ट टाइट, पण बोल्ट काढला तर चेसिसवर रंगाचा थर आणि त्याच्या खाली बारीक तांबडा गंज, करंट जायला बोल्टच्या आट्यांपुरतीच जागा उरलेली. पॉलिश पेपरने तेवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासली, परत आवळली, थोडं ग्रीस लावलं आणि त्याच जुन्या बॅटरीवर इंजिन गरागरा फिरायला लागलं. प्लसची बाजूही अशीच बघायची, बॅटरीच्या प्लस खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

अजून एक, सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबा. गिअरबॉक्समधलं गार ऑइल घट्ट झालेलं असतं आणि क्लच न दाबता सेल्फला ते सगळं घुसळावं लागतं. इंजिन ऑइलचंही तसंच, तुमच्या भागात खूप थंडी पडत असेल तर मॅन्युअलमध्ये तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता असतो तो बघा, 15डब्ल्यू40 च्या ऐवजी 10डब्ल्यू30 किंवा 5डब्ल्यू40 चालत असेल तर फरक लगेच जाणवतो.

आता पांढरा धूर, म्हणजे हीटर प्लग, ग्लो प्लग काय म्हणाल ते. डॅशबोर्डवरचा दिवा लागून विझला म्हणजे प्लग तापले असं समजू नका, बऱ्याच ट्रॅक्टरवर तो दिवा नुसता टायमरवर चालतो, प्लग सगळे मेलेले असले तरी तो लागणारच. आधी चावी हीटवर ठेवून प्लगच्या पट्टीवर व्होल्टेज बघा, बॅटरीच्या जवळपास यायला हवं, नसेल तर फ्यूज, रिले, चावीचा स्विच. व्होल्टेज येत असेल तर प्लग तपासा, पण सगळ्या प्लगना जोडणारी ती पट्टी आधी काढा. हे फार महत्त्वाचं आहे, पट्टी तशीच ठेवून मोजलं तर एकच चांगला प्लग सगळ्यांच्या वतीने रीडिंग देतो आणि तुम्हाला वाटतं सगळे ठीक आहेत. पट्टी काढून एकेक प्लग मोजा, चांगला प्लग साधारण एक-दोन ओहमच्या आत दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवून बघा, स्वस्त मीटरच्या वायरीच अर्धा ओहम खातात, तेवढा वजा करायचा. प्लग काढायचाच झाला तर इंजिन कोमट असताना काढा, मुळाशी गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवा आणि जोर लावू नका, हेडमध्ये तुटलेला प्लग काढणं फार त्रासाचं काम आहे. काही इंजिनांना हे प्लग नसतातच, त्याऐवजी हवा जाते त्या मॅनिफोल्डमध्ये हीटर असतो, त्यामुळे आधी आपल्या इंजिनात काय आहे ते बघून घ्या.

आणि इथेच लोक ईथरचा स्टार्टिंग स्प्रे उचलतात. ज्या इंजिनात ग्लो प्लग किंवा हवेचा हीटर आहे तिथे कृपा करून मारू नका. तापलेल्या प्लगवर ईथर नको त्या वेळी पेटतं, पिस्टन वर येत असतानाच भडका होतो आणि रिंगा, पिस्टन, कधीकधी कनेक्टिंग रॉडसुद्धा जातो.

धूरच नसेल तर पहिल्यांदा बंद करायची दांडी किंवा नॉब पूर्ण आत गेलाय का बघा, त्याऐवजी सोलेनॉइड, म्हणजे डिझेल चालू-बंद करणारा विजेचा वॉल्व्ह, असेल तर चावी फिरवल्यावर टक्क असा आवाज यायला पाहिजे. मग फिल्टरची वाटी, तळाला पाणी दिसतंय का. थंडीत डिझेल गोठलं असं लोक सहज म्हणतात, पण नुसत्या गार हवेत सहसा तसं होत नाही, पारा शून्याच्या आसपास गेला तरच डिझेलमधलं मेण घट्ट होण्याचा विचार करा, तेव्हा वाटीतलं डिझेल दुधासारखं गढूळ दिसतं. जास्त वेळा कारण असतं हवा. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपातून पंप डिझेल ओढून घेत असतो, तिथे बारीक चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते आणि रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरतं. रबर गार पडून आखडलं की हीच चीर अजून उघडते. तेवढ्या टप्प्यात तात्पुरता डिझेलचा पारदर्शक पाइप लावून बघा, बुडबुडे सरळ दिसतील. पाइप, क्लिप, वॉशर बदलल्यावर फिल्टरचा एअर स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहा, फेस बंद होऊन सलग डिझेल यायला लागलं की पंप दाबता दाबताच स्क्रू आवळा.

हे सगळं ठीक असूनही पांढरा धूर आणि सुरू व्हायला त्रास, तर मग टॅपेटची (व्हॉल्व्हची) गॅप बघा आणि सिलेंडरमधला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज लावा, डिझेलचाच गेज, पेट्रोलचा तेवढा दाब दाखवत नाही. सगळ्या सिलेंडरचं रीडिंग सारखंच थोडं उतरलेलं असेल तर इंजिन झिजलंय, पण लगेच खोलायची घाई नको. इंजिन आधीच कोमट करणारा विजेचा ब्लॉक हीटर बसवून सुरू करायच्या एक-दोन तास आधी लावला तर असं इंजिनसुद्धा अजून बरीच वर्षं काम देऊ शकतं.